बाटलीतले बारा वैमानिक

माझ्या टेबलाच्या उजव्या खणात होमिओपॅथीच्या गोळ्यांची एक जुनी बाटली आहे. आत गोळ्या नाहीत, बारा माणसं आहेत. बसलेल्या अवस्थेत प्रत्येकाची उंची दीड सेंटिमीटरच्या आसपास. कुणाचे दोन्ही हात मांडीवर, कुणाचा एक हात पुढे, चेहरा मात्र कुणालाच नाही. ते वैमानिक आहेत. खण उघडा राहिला आणि कुणा पाहुण्याची नजर गेली, की प्रश्न येतो, "ह्यांची विमानं कुठं आहेत?" मी सांगतो, "रत्नागिरीत." त्यात थट्टा नाही. मूळचे हे चौदा होते. बाराच का उरले, हे सांगायचं तर उस्मानभाई होडेकरांबद्दल सांगावं लागेल.

एक्याऐंशीच्या ऑक्टोबरात मोजणी खात्यातून माझी रत्नागिरीला बदली झाली. राजिवड्याच्या वरच्या अंगाला दोन खोल्या मिळाल्या. आमचं अंगण आणि शेजारचं अंगण यांच्यामध्ये जांभ्या दगडाचा कमरेएवढा गडगा होता. तिसऱ्या की चौथ्या सकाळी मी दात घासत उभा होतो, तर गडग्यापलीकडे एक बुटके, रुंद छातीचे गृहस्थ हातभर अंतरावर काहीतरी करड्या रंगाचं धरून त्याच्या पोटावरून अंगठ्याचं नख फिरवत होते. सदऱ्याची गळ्यापर्यंतची सगळी बटणं लावलेली, कानावर पेन्सिल. वस्तू विमानासारखी दिसत होती.

मी विचारलं, "खेळणं दुरुस्त करताय काय?"

त्यांनी मान वर केली नाही. "खेळण्याला माप नसतं. ह्याला हाय."

"काय माप?"

"एकास बहात्तर."

"आमच्याकडे गावठाणाला एकास पाचशे असतं," मी म्हटलं.

तेव्हा कुठे त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे तुमी मोजणीवाले. मग बाहेर का उभे? चूळ भरा नि या आत. तुमाला कळेल."

त्या दिवसापासून मी 'मोजणीसाहेब' झालो. माझं खरं नाव त्यांनी साडेपाच वर्षांत एकदाही घेतलं नाही.

उस्मानभाई वायुसेनेत बावीस वर्षं फिटर होते. विमानाचा सांगाडा, पंख, चाकं, दारं तपासायची, दुरुस्त करायची, हे काम. निवृत्त होऊन घरी आल्यावर मिरकरवाड्यात मच्छीमारांच्या लाँचची इंजिनं दुरुस्त करीत. दुपारी दोनला हात धुऊन घरी. जेवण, नमाज, अर्धा तास आडवं होणं, आणि साडेतीनला खिडकीखालच्या पाटाशी बसणं. साडेतीन म्हणजे साडेतीन. मी घड्याळ लावून पाहिलेलं आहे.

ज्यांनी हा उद्योग पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. परदेशी कंपन्या खऱ्या विमानाचे तुकडे प्लॅस्टिकमध्ये अगदी मापात लहान करून खोक्यात विकतात. फांदीला कैऱ्या लागाव्यात तसे ते तुकडे एका प्लॅस्टिकच्या चौकटीला लागलेले असतात. ते सोडवायचे, घासायचे, चिकटवायचे, सांध्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, रंगवायचं, आणि शेवटी पाण्यात भिजवून काढायच्या स्टिकरसारख्या चकत्यांनी विमानाचे नंबर आणि देशाच्या खुणा लावायच्या. खोक्यावर चित्र असतं, आत कृतीचा कागद असतो. उस्मानभाई चित्र बघत, कागदाची घडी मात्र मोडत नसत.

सामान रत्नागिरीत मिळणार कुठून? त्यांनी ते घरातच शोधलं होतं. विमानाच्या तारा ते चिमणीच्या ज्योतीवर प्लॅस्टिकची काडी मऊ करून ओढून काढत, केसापेक्षा बारीक. लाल दिव्याला त्यांच्या बायकोची, जैनबभाभींची, नखपॉलिश. हवा आत घ्यायच्या जाळीला चहाच्या फुटक्या गाळण्याचा तुकडा. पावसाळ्यात नंबरांच्या चकत्या दमट हवेनं एकमेकींना चिकटत, म्हणून त्या तांदळाच्या डब्यात ठेवलेल्या असत. भाभी एकदा गडग्यावरून माझ्या बायकोला सांगत होत्या, "परवा भातात कुठल्या देशाचं निशाण निघालं, अल्ला जाणे. मी गिळलं नसेल म्हणजे झालं."

भाभींची जीभ तिखट होती, पण उस्मानभाईंना ती लागत नसे. कपबशांसाठी घेतलेलं काचेचं कपाट विमानांनी भरलं आणि कपबशा स्वयंपाकघरात टोपलीखाली गेल्या. भाभींचं त्यावरचं वाक्य गल्लीभर पोचलं होतं, "घरात दहा विमानं, आणि मला माहेरी जायला यष्टी!"

अंगठ्याचं ते नख त्यांनी मुद्दाम वाढवलं होतं. बाकी नऊ नखं फिटरची, बुडापर्यंत कापलेली. त्यांचे वडील खाडीवर होड्या बांधत. फळीला फळी बसली की डोळे मिटून सांध्यावरून नख फिरवत. "बाप म्हणायचा, डोळा मालकासारखा असतो, त्याला बरंच दिसावं असं वाटतं. नखाला काय पडलीय? नख अडकलं की पाणी शिरणार." वडिलांनी होडीला जे केलं तेच हे विमानाला करीत. सांधा भरून, घासून झाला की डोळे मिटायचे आणि नख फिरवायचं. अडकलं तर पुन्हा घासायचं. एका पंखावर त्यांना अकरा वेळा घासताना मी पाहिलं आहे.

त्यांचे नियम तीन होते. पहिला, ज्या विमानाला खऱ्याखुऱ्या नोकरीत हात लावला तेच बनवायचं. कितीही देखणं, कितीही प्रसिद्ध असलं तरी अनोळखी विमान घरात येणार नाही. त्यांच्या हाताखालून अकरा जातीची विमानं गेली होती. मी आलो तेव्हा त्यांतली दहा कपाटात होती. नऊ खोक्यांतली, आणि एक लाकडाचं. ते बंगळूरला बनलेलं शिकाऊ विमान. "त्याचं खोकं कोण परदेशी काढणार?" म्हणून त्यांनी ते फणसाच्या लाकडातून स्वतः कोरलं होतं.

दुसरा नियम, सगळी विमानं जमिनीवर. चाकं बाहेर, चाकांना पुढून-मागून पाचरी लावलेल्या, एखादं झाकण उघडं. आणि आत माणूस नाही. खोक्यात वैमानिकांच्या बाहुल्या येत, त्या काढून ते ह्या होमिओपॅथीच्या बाटलीत टाकत.

"हे सगळे कॅन्टीनला गेलेत," ते म्हणत.

मी एकदा बाटली ओतून मोजले. चौदा भरले. "चौदाजण एकदम चहाला?" मी विचारलं.

"मग? फिटर काम करतो तेव्हा वैमानिक चहाच पितो." मग म्हणाले, "मोजणीसाहेब, विमान जमिनीवर असतं तवर माझं. पाचर काढली की त्यांचं. वर गेलेलं मी बनवत नाय. वर काय असतं, मला काय ठाव?"

ह्या नियमाचं एकदा भर सभेत प्रात्यक्षिक झालं. गावातल्या एका शाळेनं प्रदर्शनासाठी दोन विमानं मागून नेली होती. आम्ही बघायला गेलो, तर हौशी मास्तरांनी दोन्ही विमानं दोऱ्यांनी छताला टांगली होती. पंख्याच्या वाऱ्यावर ती डोलत होती आणि लोक वाहवा करीत होते. उस्मानभाईंनी बाक ओढलं, वर चढले, ब्लेडनं दोरे कापले आणि विमानं टेबलावर ठेवून खिशातून पाचरी काढून चाकांना लावल्या. पाचरी त्यांच्या खिशात होत्या, याचं मला अजून नवल वाटतं. मास्तर बिचारे कानकोंडे झाले. म्हणाले, "अहो, विमान आहे म्हणून वर..."

"आत कोण हाय बघा," उस्मानभाई म्हणाले. "कोण नाय ना? मग रिकामं विमान वर सोडता काय? माझी नोकरी घालवाल." सगळे हसले. ते हसले नाहीत.

तिसरा नियम मापाचा. घरात एकच माप, एकास बहात्तर. हा नियम मला सर्वांत आवडे, कारण एका नकाशावर दोन प्रमाणं म्हणजे आमच्या खात्यात गुन्हाच. ह्या नियमापायी त्यांच्या भाच्यावर जो प्रसंग गुदरला, त्याचे पडसाद पुढे बरीच वर्षं उमटले.

भाचा रफीक कुवेतला एका गोदामात कामाला होता. दर मे महिन्यात सुटीवर येई. येताना मामूसाठी दोन गोष्टी आणी, हवं ते खोकं निघालं असलं तर ते, आणि विमानं बनवणाऱ्या कंपन्यांचा नवा कॅटलॉग. एका वर्षी पोराला वाटलं, मामूला ह्या वेळी काहीतरी जंगी द्यावं. त्यानं कपाटातल्याच एका विमानाचं मोठ्या मापाचं, एकास अठ्ठेचाळीसचं खोकं उचललं. दीडपट मोठं, महाग. मांडीवर घेऊन आला होता म्हणे. उस्मानभाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, सरबत पाजलं, खोक्याच्या कोपऱ्यावरचा आकडा वाचला आणि दुसऱ्याच दिवशी ते खोकं त्या शाळेला देऊन आले.

भाभी चिडल्या. "पोरानं समुद्रापलीकडून आणलं आणि तुमी वाटून टाकलंत? मोठं आणलं हा काय गुन्हा?"

"मोठं नाय, वेगळं," ते म्हणाले. "दोन मापाची माणसं एका घरात राहतात. तुझं-माझं चाललंय ना? विमानं नाय राहत."

पुढच्या वर्षी रफीकच्या पाकिटात एक चिठ्ठी होती, ती त्यानं मला मुद्दाम दाखवली. वर अरबीत कसलीशी दुआ, खाली मामूच्या अक्षरात '१:७२'.

कॅटलॉग आला की तो दिवस आमच्याकडे सणासारखा. उस्मानभाई तो मधूनच उघडत, 'नवीन' असं छापलेल्या पानावर. "बघू, ह्या साली कोण जन्माला आलं." मी शेजारी बसून नावं वाचायचा, ते हुंकार द्यायचे. अनोळखी नावाला 'हं', ओळखीच्या नावाला 'हा, बनवलंय'. एकच नाव ते ऐकायला बसलेले असत, आणि ते येत नसे. पॅकेट.

पॅकेट हे सामान वाहणारं विमान. मधे जाड पोट, दोन्ही बाजूंना इंजिनांपासून निघून मागे गेलेल्या दोन शेपट्या. आग्र्याला नऊ वर्षं उस्मानभाईंनी दुसरं काही पाहिलंच नाही. बावीसपैकी नऊ, म्हणजे नोकरीचे एक्केचाळीस टक्के. त्यांच्या अकरा जातींतली ही अकरावी. कपाटाच्या खालच्या फळीवर तिची जागा रिकामी ठेवली होती, एकोणीस इंच बाय पंधरा. भाभी त्या जागेत साधी बशीही ठेवू शकत नसत.

ब्याऐंशीचा कॅटलॉग आला, पॅकेट नव्हतं. त्र्याऐंशीचा आला, नव्हतं. त्याच वर्षी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. उस्मानभाई गडग्याला धडकू लागले. इतक्या वर्षांच्या ओळखीचा गडगा. चहाची बशी डावीकडे ठेवली की ती त्यांना सापडत नसे. भाभींनी ओढून मिरजेला नेलं. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, थेंब घालून राहिलेली सांभाळायची, किती टिकेल ते सांगता येत नाही.

मी विचारलं, "म्हणजे नेमकं कसं दिसतं?"

त्यांनी पाटावरचा कॅटलॉग उचलला, त्याची नळी केली आणि माझ्या डोळ्याला लावली. "बघा समोर. दिसतं की नाय?"

नळीतून मला कपाटातलं एकच विमान दिसलं. बाजूची नऊ नव्हती.

"असं," ते म्हणाले. "आणि नळी बारीक होत जाणार."

मग ते नेहमीच्या आवाजात हिशेब करू लागले. कॅटलॉग वर्षाच्या सुरुवातीला निघतो. रफीक मेमध्ये येतो. पॅकेट कधी निघणार ते त्या कंपन्यांच्या हातात. नळी किती वेगानं बारीक होणार ते वरच्याच्या हातात. "आपल्या हातात काय, तर साडेतीन वाजता बसायचं." आणि ते बसले. जुन्या विमानांच्या झिजलेल्या तारा बदलू लागले. हात चालता ठेवायचा होता.

चौऱ्याऐंशी कोरडं गेलं. पंच्याऐंशीच्या मेमध्ये मी 'नवीन'चं पान वाचत होतो आणि सहाव्या ओळीवर माझा आवाज थांबला. त्यांना न सांगताच कळलं. "हाय?" एवढंच त्यांनी विचारलं.

होतं. चित्रही होतं. त्यांनी ते पान डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरून इंच-इंच सरकवत पाहिलं. पाच मिनिटं लागली. मग म्हणाले, "पाठीवरचं कुठाय?"

आपल्या पॅकेटच्या पाठीवर एक जास्तीचं जेट इंजिन बसवलेलं असे, उंच डोंगरांत सामान न्यायला. परदेशी खोक्यात ते असायचं कारण नव्हतं. "म्हणजे हे आपलं नाय अजून," ते म्हणाले. "आपण आपलं करू."

पण खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की खोकं बाजारात यायला अवकाश आहे. मी ते वाचून दाखवावं की नाही ह्या विचारात होतो. वाचून दाखवलं. छापलेलं आहे ते वाचायचं, ही माझी सवय. ते म्हणाले, "जाहीर झालं म्हणजे आलं नव्हे. बोर्डावर वेळ लिहिली म्हणून काय विमान उतरतं?" त्या रात्री जैनबभाभींनी पहिल्यांदा माझ्या बायकोजवळ डोळे पुसले. "दुसरं काय मागत नाय हो तो माणूस," म्हणाल्या. "एक खोकं."

शहाऐंशीच्या मेमध्ये रफीक आला. हातात खोकं नव्हतं. दूध पावडरचा मोठा डबा होता.

त्यानं डबा मामूच्या पुढ्यात ठेवला आणि अभिमानानं सांगितलं. खोकं केवढं मोठं, आणि आत निम्मी हवा! बॅगेत बसेना. आखाताहून येणारा माणूस सामान कसं भरतो ते आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. साबणाच्या वड्या, घड्याळं, सगळ्यांची वेष्टनं काढून टाकायची, म्हणजे वजन वाचतं आणि दोन कुटुंबांच्या वस्तू जास्त बसतात. रफीकनं तेच केलं. खोकं फेकलं, तुकडे चौकटीतून मोडून सुटे केले, डब्यात भरले, खडखड होऊ नये म्हणून वर मोजे कोंबले.

"आणि आतले कागद?" मी विचारलं.

"कागदच होते, काका. नंबरांचे नि कसले कसले. फेकले."

मी तुकडे परातीत ओतून मोजले. एकशे सात. कुठला कुठे लागतो हे सांगणारा कागद कुवेतच्या कचऱ्यात. रफीकला आपण काय केलं ते आमच्या तोंडांवरून कळलं आणि तो पोरगेला माणूस रडकुंडीला आला. "मामू, माप बघितलं हो मी. एकास बहात्तरच हाय. चिठ्ठी लावून बघितलं."

उस्मानभाईंनी परातीत हात घातला. डोळे मिटले. एक तुकडा उचलला, नख फिरवलं. "डाव्या शेपटीचा आतला भाग," म्हणाले, आणि पाटावर डावीकडे ठेवला. दुसरा उचलला. "पुढच्या चाकाचं दार." तिसरा. चौथा. असे सव्वा तास. एकशे सातपैकी एकशे चार त्यांनी ओळखले. तीन राहिले ते खोक्याबरोबर येणारे सुटे आधार होते, विमानाचे नव्हतेच.

"कागद कशाला पायजे?" ते रफीकला म्हणाले. "नऊ वर्षं उघडून बंद केलंय. रड नको. डब्यातल्या दुधाचा वास येतोय विमानाला, एवढंच."

पुढचे पाच महिने मी रोज संध्याकाळी त्यांच्याकडे असे. तुकडे सांधण्यात माझा काही उपयोग नव्हता. ते काम बोटं आणि ते नख करीत होतं. आता डोळे मिटायचीही गरज राहिली नव्हती. माझ्याकडे मापं होती.

पाठीवरच्या जेटची लांबी किती धरायची, हा पहिला प्रश्न. "आकडा नाय ठाव," ते म्हणाले. "पण दुपारी त्याच्या सावलीला पंखावर झोपायचो. डोकं त्याच्या तोंडाशी, तर पाय संपून वर दोन विती उरायच्या." मी म्हटलं, झोपा. ते पाटाशेजारी लांब झाले, मी टेप लावली. पाच फूट चार इंच. वीत नऊ इंचांची. एकूण ब्याऐंशी इंच.

तेवढ्यात भाभी चहा घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. "काय हो मोजणीसाहेब, कफनाचं माप घेताय काय ह्यांच्या?"

"नाय गं," उस्मानभाई झोपूनच म्हणाले. "जेटचं."

ब्याऐंशी इंच भागिले बहात्तर, म्हणजे एकोणतीस मिलिमीटर. माझ्या जुन्या फाउंटन पेनाचं टोपण बरोबर जेटला हव्या त्या जाडीचं निघालं. एकोणतीसवर कापलं.

मग देशाची खूण. फेकून दिलेल्या चकत्यांवर परक्या देशाचीच असती, तेव्हा तिचं दुःख नव्हतं. केशरी, पांढरं, हिरवं अशी तीन वर्तुळं एकात एक. उस्मानभाईंच्या आठवणीनं मूळ माप चार फूट. म्हणजे सोळा पूर्णांक नऊ मिलिमीटर. छोट्या कंपासनं ती काढणं माझं रोजचंच काम होतं. पण मी आणलेल्या कागदावर त्यांचं नख अडकलं. "कड लागते." दुसरा कागद. "लागते." पाचवा कागद पास झाला, तो रफीकच्या हवाई पत्राचा होता. कांद्याच्या पापुद्र्यासारखा. पत्राच्या कोऱ्या भागावर मी नऊ वर्तुळं काढली, तीन बिघडली, सहा लावली. पंखांवर चार, अंगावर दोन. विमान उलटं धरलं तर उजव्या पंखाखालच्या वर्तुळातून 'मामूस सलाम' अशी अक्षरं पुसट दिसतात. ते मी त्यांना सांगितलं. म्हणाले, "असू दे."

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात फक्त पुढची काच बसवायची राहिली. त्यांनी लांबी भरलेला हात पुसला आणि म्हणाले, "बाटली द्या."

मी बाटली दिली. त्यांनी चौदातले दोन बोटांनी चाचपून निवडले, रुंद खांद्यांचे. पॅकेटच्या दोन खुर्च्यांवर बसवले आणि वर काच लावली. इतक्या वर्षांत एकाही विमानात त्यांनी माणूस बसवला नव्हता.

"मी आता तपासू शकत नाय," ते म्हणाले. "फिटरचं काम संपलं की विमान द्यायचं असतं. अडवून ठेवायचं नसतं."

त्यांच्याकडे एक वही होती. एका विमानाला एक पान. विमानाचं नाव, तारीख, 'तपासलं', आणि त्यांची सही. खाली दुसऱ्या सहीसाठी एक रेघ, ती सगळ्या पानांवर कोरी. नोकरीत त्या रेघेवर विमान ताब्यात घेणारा सही करतो. अकराव्या पानावर त्यांचं पेन दोनदा रेघेबाहेर घसरलं. मी माझी पोलादी पट्टी रेघेखाली धरली. तिच्या कडेला पेन टेकवत त्यांनी सरळ सही केली. मग वही माझ्याकडे सरकवली.

"खालची तुमी करा. घेणाऱ्याची."

मी म्हटलं, "उस्मानभाई, मी वैमानिक नाही."

"माप कोणी तपासलं?"

न मोजता सही करायची सवय मला नाही. मी पट्टी पंखांवर धरली. खरं विमान एकशे नऊ फूट तीन इंच, म्हणजे सेहेचाळीस पूर्णांक पंचवीस सेंटिमीटर यायला हवं होतं. सेहेचाळीस पूर्णांक वीस भरलं. मी तसं सांगितलं, अर्धा मिलिमीटर कमी आहे.

"खऱ्यात किती?"

"छत्तीस मिलिमीटर. दीड इंचाला थोडं कमी."

त्यांनी विचार केला. "चालेल. उन्हात वाढतं."

मी सही केली. त्यांनी विमान उचलून कपाटातल्या त्या रिकाम्या जागेवर ठेवलं. पाचरी लावल्या नाहीत. जैनबभाभी आत गेल्या आणि टोपलीखालच्या चांगल्या कपांतून चहा घेऊन आल्या.

सत्त्याऐंशीच्या मेमध्ये माझी कोल्हापूरला बदली झाली. सामानाचा ट्रक सकाळी लागला. आमची गल्ली उताराची, म्हणून ड्रायव्हरनं मागच्या दोन्ही चाकांखाली जांभ्याचे चिरे लावले होते. निरोप आदल्या दिवशीच झाला होता. बाटली तेव्हाच त्यांनी माझ्या खिशात घातली. "तुमच्याकडे राहू देत. माझ्याकडे आता ह्यांच्यासाठी काम नाय."

तरी ते सकाळी आले. तोवर त्यांना उजेड आणि सावली एवढंच कळत होतं. एक हात ट्रकला लावून त्यांनी पूर्ण फेरी मारली. टायर दाबले. दोरखंडाच्या गाठी एकेक ओढून पाहिल्या. एक सैल होती, ती ड्रायव्हरला सांगून पुन्हा आवळून घेतली. फळक्याच्या फटीवरून नख फिरवलं. ड्रायव्हर माझ्याकडे बघून हसला. मी हसलो नाही. मी आणि माझी बायको पुढे बसलो. इंजिन सुरू झालं.

ड्रायव्हरचा माणूस चिरे काढायला उतरत होता, त्याला त्यांनी हातानं थांबवलं. स्वतः वाकले, चाचपून एक चिरा काढला, मग मागून वळसा घालून दुसरा. दोन्ही जड होते. ते बाजूला टाकून त्यांनी दोन्ही मुठी छातीशी आणल्या आणि अंगठे बाहेरच्या अंगाला ताणले. पाचरी काढल्या, जा, अशी ती फिटरची वैमानिकाला खूण. मग ताठ उभे राहिले.

वळण येईपर्यंत मी आरशात बघत होतो. ट्रक डावीकडे गेला तसा त्यांचा चेहरा आवाजाच्या बाजूला हळूहळू वळत गेला. अंगठे अजून बाहेरच होते.